हातांनी जपलेली परंपरा : बेने इस्राएल मुलांचे सण, तोराचे पाठ आणि हस्तकृती

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात बोर्डी आणि कोसबाड या दोन गावांचे स्थान सर्वपरिचित आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे आयुष्यभर चालविले. माँटेसरी पद्धतीची तयार साधने महाग होती, शिवाय वारली पाड्यांवरील मुलांना ती परकी होती. म्हणून शिंपले, बिया, पाने, माती, काड्या अशा परिसरात सहज सापडणाऱ्या वस्तूंपासून साधने करण्यात आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पनाही याच भूमीतली. पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील अध्यापकांना हा इतिहास ऐकून माहीत असतो. परंतु त्यामागील तत्त्व, म्हणजे मुलाच्या हाताला ओळखीची वस्तू दिली की अनोळखी कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचते हे तत्त्व, केवळ बालवाडीपुरते मर्यादित मानण्याची आपली सवय आहे.

प्रस्तुत लेखात या तत्त्वाच्या प्रकाशात कोकण किनाऱ्यावरील दुसऱ्या एका समाजाकडे पाहावयाचे आहे. मुंबईच्या दक्षिणेस, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल हा मराठी भाषक यहुदी समाज कित्येक शतके राहिला. केहीमकर, राजपूरकर, पेणकर, दिवेकर ही त्यांची आडनावेच गावांची साक्ष देतात. उत्तर कोकणाशी त्यांचा संबंध तुलनेने उशिराचा व विरळ आहे. २०१४ पर्यंत पालघर ज्या जिल्ह्याचा भाग होता त्या ठाण्यात १८७९ पासून शाआर हाशामायीम हे त्यांचे सिनेगॉग उभे आहे. पण भात, नारळ, वाल आणि झावळ्यांचा मुलूख दोन्हीकडे एकच आहे, आणि पुढील विवेचनात या वस्तूंनाच महत्त्व आहे.

यहुदी मुलांना सण आणि तोराचे साप्ताहिक पाठ शिकविण्यासाठी हस्तकृतींचा वापर करणे ही आज जगभर रूढ असलेली पद्धत आहे. कागदी गुंडाळी, रंगीत दिवे, मुखवटे, नोहाचे तारू असे पुष्कळ काही मुले करतात. ही पद्धत विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेतील यहुदी धर्मशिक्षणाच्या वर्गांतून फोफावली आणि मग इतरत्र गेली, असे सामान्यतः समजले जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु ज्या समाजाजवळ दीर्घकाळ ग्रंथच नव्हता, त्याने आपल्या मुलांना सण कसे शिकविले, हा प्रश्न विचारला की उत्तर कोकणी घराच्या ओटीवर आणि चुलीपाशी शोधावे लागते.

सणांची मराठी नावे : एक अभ्यासक्रम

समाजाच्या परंपरेनुसार, अलिबाग तालुक्यातील नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या आणि सर्व ग्रंथ समुद्रात गेले. आख्यायिका म्हणून ही कथा बाजूला ठेवली तरी तिच्यातील एक गोष्ट इतिहासाशी जुळते. एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या बेने इस्राएलांच्या जीवनात तोराच्या हस्तलिखित गुंडाळीला, आणि म्हणून तोराच्या वाचनालाही, स्थान नव्हते. उरले होते ते शेमा या प्रार्थनेचे शब्द, सुंता, शनिवारचा विसावा, आहाराचे काही नियम आणि सण.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झालेला बेने इस्राएलांचा इतिहास हे या विषयाचे प्रमुख साधन होय. त्यात सणांची जुनी मराठी नावे दिली आहेत. रोश हाशाना, म्हणजे यहुदी वर्षारंभ, हा ‘नव्याचा सण’. त्यानंतर तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी ‘खिरीचा सण’. योम किप्पूर हा ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करून घेण्याचा दिवस. दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’ हा भेटीगाठींचा आणि दानाचा. पुरिम हा ‘होळीचा सण’. पेसाह हा ‘अनाशी ढाकण्याचा सण’. अनास हे आंबट कालवणाचे मातीचे भांडे, आणि ते झाकून ठेवण्याचा हा दिवस. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचे स्मरण ज्या दिवशी करतात तो तिशा बेआव हा ‘बिरड्याचा रोजा’. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी ‘इलियाहू हनाबीचा उरूस’.

या नावांकडे अभ्यासकांनी आजवर मुख्यतः दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक, समाजाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून. हनुक्का या यादीत नाही, तेव्हा हा सण रूढ होण्यापूर्वीच हे लोक पश्चिम आशियातून निघाले असावेत, असा तर्क केहीमकरांच्या काळापासून मांडला जातो. दोन, शेजारधर्माचा परिणाम म्हणून. ‘सण’ हा हिंदू शेजाऱ्यांचा शब्द. ‘रोजा’ आणि ‘उरूस’ मुसलमान शेजाऱ्यांचे. दोन्ही दृष्टी योग्य आहेत. तथापि त्यांत एक साधी गोष्ट निसटते. यांतील बहुतेक नावे घटनेची नाहीत. इजिप्तमधून सुटका, मंदिराचा नाश, एस्तेर राणीचे धैर्य यांपैकी कशाचाही उल्लेख त्यांत नाही. ती कृतीची किंवा वस्तूची नावे आहेत : खीर करणे, दार लावणे, भांडे झाकणे, बिरडे सोलणे. म्हणजेच सण कशाचा, हे विस्मरणात गेले असतानाही त्या दिवशी हातांनी काय करावयाचे हे विसरले गेले नाही. किंबहुना जे करावयाचे तेच नाव झाले.

पेसाहचे उदाहरण घेऊ. या सणात आंबवलेले अन्न घरात ठेवावयाचे नाही हा मूळ नियम. आंबण्याची क्रिया ज्या भांड्यात वर्षभर चालू असते ते भांडे झाकणे म्हणजे हा नियम एका हालचालीत उतरविणे होय. त्यासाठी निर्गमाच्या पुस्तकाची आवश्यकता नाही, झाकणाची आहे. घरातले लहान मूल ते झाकण ठेवू शकते आणि आठ दिवसांनी ते काढू शकते. मुलांविषयी जुन्या साधनांत स्वतंत्र प्रकरण नाही, ती स्वयंपाकघराच्या वर्णनात विखुरलेली आहेत. पण कोकणातील एकत्र कुटुंबात भांडी झाकणे, दार लावणे, पाट मांडणे ही कामे कोणाच्या वाट्याला येत असत हे सांगण्यासाठी दप्तरखान्यात जाण्याची गरज नाही.

बिरड्याचा रोजा अधिक बोलका आहे. तिशा बेआव आषाढ-श्रावणाच्या सुमारास येतो. त्या आधीचे दिवस मांस वर्ज्य असते आणि जेवणात बिरडे, म्हणजे भिजवून, मोड आणून सोललेल्या वालांचे कालवण असते. आता यहुदी परंपरेत अन्यत्र या उपवासापूर्वीच्या शेवटच्या जेवणात मसूर किंवा अंडे खाण्याची रीत आहे. मसूर गोल असते, तिला तोंड नसते, म्हणून ती शोकाचे अन्न, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. कोकणात वाल हे मसुरीच्या जागी आले असावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अपघाताने एवढी जुळणी होणे कठीण वाटते. आणि वाल म्हटले की सोलणे आले. बिरडे सोलणे हे किती चिकट, वेळखाऊ आणि घरातील सर्व मुलांना ओटीवर बसविणारे काम आहे, हे पालघरच्या वाचकाला सांगावयास नको. दोन बोटांत दाणा धरून साल निसटवीत तासभर बसलेल्या मुलाला ‘आज मांस का नाही’ हा प्रश्न पडतोच. उत्तर देणाऱ्या आजीला मंदिराचे नाव ठाऊक नसेल, पण दिवस दुःखाचा आहे हे ठाऊक होते.

पेसाहच्या वेळी मेंढराच्या रक्तात पंजा बुडवून कागदावर ठसा घेऊन तो दाराच्या चौकटीवर लावण्याची चालही या समाजात होती. इजिप्तमध्ये इस्राएलांनी दारांवर लावलेल्या खुणेची ही आठवण उघड आहे. आणि हळदी-कुंकवाचा पंजा भिंतीवर उमटविणाऱ्या महाराष्ट्रात ती कोणाला वेगळी वाटली नसेल. आजच्या धर्मवर्गांत मुले रंगात हात बुडवून कागदावर पंजा उमटवितात. तो खेळ येथे नवा नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

शनिवार आणि थांबलेला हात

बेने इस्राएल हे तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. या नावाचा उल्लेख प्रत्येक पुस्तकात येतो. त्याचा अर्थ मात्र फारसा उलगडला जात नाही. शब्बाथच्या दिवशी निषिद्ध असलेली ३९ प्रकारची कामे यहुदी धर्मशास्त्रात मोजली आहेत. ती ठरविताना मिश्कान, म्हणजे अरण्यातील पवित्र मंडप, उभारताना जी कामे लागली ती आधार मानली आहेत : कातणे, विणणे, रंगविणे, शिवणे, कापणे, लिहिणे, गाठ मारणे, बांधणे इत्यादी. फळ पिळून रस किंवा तेल काढणे हे मळणीच्या सदरात धरले जाते. थोडक्यात, शब्बाथ म्हणजे कारागिरी थांबविण्याचा दिवस. एका समाजाला त्याच्या शेजाऱ्यांनी त्याच्या देवावरून किंवा ग्रंथावरून ओळखले नाही; त्याचा हात कोणत्या दिवशी थांबतो यावरून ओळखले.

मुलांच्या हस्तकृतींच्या दृष्टीने याला व्यावहारिक महत्त्व आहे. तोराचे वर्षभराच्या वाचनासाठी ५४ भाग केलेले आहेत. प्रत्येक भागाला पाराशा म्हणतात आणि तो शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये वाचला जातो. परंतु कापणे, चिकटविणे, रंगविणे ही कामे त्याच दिवशी करता येत नाहीत. परिणामी पाराशावर आधारित हस्तकृती आधीच्या आठवड्यात किंवा नंतरच्या रविवारी करावी लागते. आधी केली तर मूल सिनेगॉगमध्ये जाते तेव्हा त्याने याकोबाची शिडी बनविलेली असते, योसेफाचा रंगीत झगा कापलेला असतो, आणि न समजणाऱ्या हिब्रू वाचनात त्या शब्दाची वाट पाहत ते बसते. नंतर केली तर ती केवळ उजळणी होते. पहिला क्रम शैक्षणिकदृष्ट्या किती समर्थ आहे हे अध्यापकांस जाणवेल. आपण महाविद्यालयात प्रयोगशाळेचे काम व्याख्यानानंतर ठेवतो, हा येथे एक अवांतर विचार.

याच मिश्कानच्या प्रकरणात, निर्गमाच्या पुस्तकात, बसालेल या कारागिराचे वर्णन आहे. सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि रत्ने यांवर काम करण्याचे ज्ञान त्याला ईश्वराकडून मिळाले, असे तेथे म्हटले आहे. पाच पुस्तकांच्या तोरामध्ये एका कारागिराचे नाव, त्याच्या बापाचे व आजोबाचे नाव आणि त्याची कुळी इतक्या तपशिलाने यावी, ही गोष्ट हस्तकौशल्याला दुय्यम मानणाऱ्या आपल्या शिक्षणव्यवस्थेत मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

शाळा, छापखाना आणि कीर्तन

अठराव्या शतकापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. १८२६ मध्ये कोचीनहून यहुदी शिक्षक आले व त्यांनी हिब्रू प्रार्थना शिकविण्यास प्रारंभ केला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुले शिकली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. फळ मात्र उलटे लागले. मराठीत जुना करार वाचून या समाजाला आपल्या सणांमागील कथा सापडल्या, आणि त्या वाचून धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले.

पुढील पन्नास वर्षांत कथा वेगाने परतली. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाछापाने निघाली. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी सचित्र हग्गादा छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना व ग्रंथ मराठीत आणले. १८७५ मध्ये केहीमकर बंधूंनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल स्थापन केले. तेच पुढे माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल झाले. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी मराठी कीर्तनाच्या साच्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने सांगण्यास आरंभ केला. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सारे तसेच, नायक बदलले. ज्या मुलांना हिब्रू पाराशा कळत नव्हता त्यांना ती कथा मराठी चालीत ऐकावयास मिळाली.

पुण्याच्या १८७४ च्या हग्गादेपाशी थोडे थांबले पाहिजे. तिच्यात मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, करण्याची चित्रे आहेत. त्यांतील स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत, जमिनीवर बसून पीठ मळीत आहेत, लाटीत आहेत, भाजीत आहेत. युरोपातील सचित्र हग्गादांची परंपरा जुनी आहे. परंतु येथे इजिप्तमधून सुटकेची कथा आणि मराठी स्वयंपाकघर एकाच पुस्तकात समोरासमोर आले. पेसाहच्या रात्रीचा सेदेर हा मुळात मुलांसाठीच योजलेला विधी आहे. मुलाने विचारावे आणि बापाने सांगावे ही तोराची आज्ञा. सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते, मात्साचा एक तुकडा लपविला जातो, कडू भाजी मिठाच्या किंवा आंबट पाण्यात बुडविली जाते, आणि चुन्यामातीच्या कामाची आठवण म्हणून गोड लगदा ठेवला जातो. बेने इस्राएल घरांत तो खजुराचा शिरा असतो. वस्तू दाखवून प्रश्न निर्माण करणे व मग उत्तर देणे ही पद्धत फ्रोबेलच्या किंडरगार्टनच्या फार आधीची आहे. चित्रातल्या बाईंच्या हातात लाटणे पाहून मुलाला जर ‘ही तर आजी’ असे वाटले असेल, तर त्या चित्राने व्याख्यानापेक्षा अधिक काम केले.

येथे एक बारीक बदल घडला, आणि तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. कथा परतल्यावर सणांची जुनी मराठी नावे हळूहळू मागे पडली. सुशिक्षित नेतृत्वाला ‘होळीचा सण’ म्हणणे अवघड वाटू लागले. खिरीचा सण, शिळा सण ही नावे शास्त्रात नाहीत म्हणून ‘अज्ञानकाळातील’ ठरली. कोचीनचे शिक्षक, बगदादी यहुदी आणि मिशनरी या तिघांच्याही दृष्टीने बेने इस्राएल हे ‘विसरलेले’ लोक होते, आणि समाजाने हे वर्णन बऱ्याच प्रमाणात स्वतःही स्वीकारले. वस्तुस्थिती अशी की विसरली गेली ती कथा. अभ्यासक्रम शाबूत होता. केहीमकरांनी जुनी नावे टिपून ठेवली यासाठी त्यांचे ऋण मोठे आहे. सुधारकाच्या भूमिकेत असूनही त्यांनी लाज बाळगली नाही.

आजचा वर्ग आणि परिसरातील साहित्य

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६,५०० यहुदी होते आणि त्यांत बेने इस्राएल बहुसंख्य होते. १९४८ नंतर इस्राएलकडे झालेल्या स्थलांतरामुळे २०११ मध्ये ही संख्या देशात सुमारे साडेचार हजार व महाराष्ट्रात सुमारे अडीच हजार इतकी उरली. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने या समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. इतक्या लहान समाजात मुलांचा धर्मवर्ग म्हणजे बहुधा एकाच खोलीत निरनिराळ्या वयांची काही मुले. अशा वर्गात व्याख्यान चालत नाही, हस्तकृतीच चालते. पाच वर्षांचे मूल रंग भरते, बारा वर्षांचे अक्षरे कापते.

परंतु आज यासाठी उपलब्ध असलेले छापील साहित्य बहुतांशी अमेरिकेत किंवा इस्राएलमध्ये तयार झालेले असते. त्यात रोश हाशानासाठी सफरचंद आणि मध असतो, सुक्कोथसाठी कागदी साखळ्या, हनुक्कासाठी चार बाजूंचा भोवरा. यात गैर काही नाही. फक्त कोकणी घरात नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा होतो, हे त्या साहित्याला ठाऊक नसते. चिकाचा हलवा ही तर हस्तकृतींची मालिकाच आहे. गहू काही दिवस भिजत घालणे, पाणी बदलणे, वाटणे, चीक पिळून काढणे, तो रात्रभर निवत ठेवणे, नारळ खवणे, रस काढणे, आणि मग आटेपर्यंत ढवळणे. सण कधी आहे हे ज्या मुलाला गहू भिजत घातल्यापासून कळते, त्याला दिनदर्शिकेवर खूण करावी लागत नाही. शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून केले जाणारे शरबत, काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल तेल घालून लावलेला दिवा, मलिद्याचे पोहे, खोबरे, गूळ व फळे यांचे ताट : या सर्व ठिकाणी मुलाच्या हाताला काम आहे. मलिदा तर विशेषच. इलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, अलिबागजवळील खंडाळे येथे प्रकट झाला आणि त्याच्या रथाची खूण तेथील खडकावर उमटली, अशी समाजाची श्रद्धा आहे. बायबलमधील एक प्रेषित अलिबाग तालुक्यात येतो आणि पोह्यांनी त्याचे स्वागत होते. स्थानिक साहित्याचे याहून ठळक उदाहरण दुसरे नाही.

कोसबाडचा धडा येथे उपयोगी पडतो. आश्चर्याची गोष्ट अशी की यहुदी धर्मशास्त्राचे नियमच कित्येकदा परिसरातील साहित्याच्या बाजूने उभे राहतात. सुक्कोथच्या मांडवाचे छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वनस्पतीचेच असले पाहिजे, आणि त्याखाली उन्हापेक्षा सावली अधिक असली पाहिजे. प्लास्टिकचे छप्पर चालत नाही. नारळाच्या झावळ्या उत्तम चालतात. झावळी विणण्यास शिकणारे मूल शोभेचे काम करीत नाही, ते नियमाचाच भाग हाताळीत असते. हनुक्काच्या दिव्यांविषयी नियम असा की आठ ज्योती वेगवेगळ्या दिसाव्यात आणि त्या पेटविणारा नववा दिवा त्यांच्यापासून निराळा असावा. कुंभाराच्या नऊ पणत्या आणि एक पाट एवढ्याने हे साधते. त्यावर ‘ही तर दिवाळी झाली’ असा आक्षेप येईल. ज्यांच्या पूर्वजांनी पुरिमला होळीचा सण म्हटले आणि त्या दिवशी पुरणपोळी केली, त्यांना या आक्षेपाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

काही बाबतींत सावधगिरी हवी. तोराची खरी गुंडाळी चर्मपत्रावर, हाताने, शाईने लिहिलेली असते. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, आणि एक अक्षर बिघडले तरी दुरुस्तीपर्यंत ती वाचनास अयोग्य ठरते. मुलांनी दोन काड्यांवर कागद गुंडाळून केलेल्या प्रतिकृतीत ईश्वराचे चार अक्षरी नाव लिहू देत नाहीत, कारण ते नाव असलेला कागद टाकून देता येत नाही. जीर्ण झाल्यावर तो पुरावा लागतो. मुलाला हे कारण सांगितले तर कागदाच्या एका तुकड्याविषयीही त्याची वृत्ती बदलते. देवाची प्रतिमा करावयाची नाही हे उघडच आहे. परंतु मोशे, मिर्याम किंवा नोहा यांची चित्रे शिकविण्यासाठी काढण्यास सर्वसाधारणपणे हरकत घेतली जात नाही. पुण्याच्या हग्गादेतील लुगडी नेसलेल्या स्त्रिया याची साक्ष देतातच.

इस्राएलमध्ये गेलेल्या कुटुंबांची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तेथे मलिदा टिकला, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. पण तेथील मूल हिब्रू शाळेत हिब्रू हस्तकृती करते आणि त्याला बिरड्याच्या रोजाचे नाव घरातच ऐकावयास मिळाले तर मिळते. येथे, महाराष्ट्रात, वाल अजून शेतात आहेत आणि भाषा अजून मुलाच्या तोंडी आहे. म्हणून जुन्या नावांना पुन्हा वर्गात आणण्याचे काम येथेच सोपे आहे. नाव सांगावे, वस्तू हातात द्यावी, आणि त्यानंतर कथा सांगावी. एकोणिसाव्या शतकाने मिळवून दिलेली कथा सोडण्याचे कारण नाही, पण तिचा क्रम बदलता येतो.

वर्षाच्या अखेरच्या पाठाविषयी एक तपशील येथे नोंदविण्याजोगा आहे. सिम्हाथ तोराच्या दिवशी तोराचा शेवटचा भाग वाचून होताच उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचावयास घेतात. सिनेगॉगमध्ये यासाठी दुसरी गुंडाळी आधीच पहिल्या पानावर उघडून तयार ठेवलेली असते, म्हणजे लोकांना खोळंबावे लागत नाही. मुलाजवळ कागदाची एकच गुंडाळी असते. वर्षभर दर आठवड्याला एकेक चित्र चिकटवून ती लांबलेली असते, आणि पहिल्या चित्रापर्यंत जावयाचे तर त्याला ती स्वतःच्या हातांनी उलटी गुंडाळावी लागते : मोशेचा डोंगर, मिश्कान, समुद्र, योसेफाचा झगा, शिडी, तारू, आणि शेवटी उजेड व अंधार असे दोन रंग लावलेला पहिला चौकोन.